फरशी न फोडता: चार बाय साडेसहाच्या बाथरूमचं प्रकरण

आईबाबांचं घर पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला, 1997 सालच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. एक बेडरूम, संडास वेगळा, बाथरूम वेगळी. बाथरूम म्हणजे चार फूट रुंद आणि साडेसहा फूट लांब, 26 चौरस फूट. त्यात एक बेसिन, डोक्यावर 15 लिटरचा गीझर, दोन नळ आणि लुव्हरची, म्हणजे आडव्या काचपट्ट्यांची, एक खिडकी.

गेल्या गौरी-गणपतीत कुणी हात धुवायला आत निघालं की आई घाईघाईने पुढे व्हायची. "थांबा हं, जरा पाणी मारते." दिवसभरात मी हे पाच-सहा वेळा ऐकलं. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "अगं, ही मोरी एकदा सगळी फोडून नवी करून टाकू." बाबा काहीच बोलले नाहीत. पेन्शनवर घर चालतं आणि फोडण्याचा खर्च किती येतो हे त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं: 1,65,000 रुपये आणि 18 ते 20 दिवस. घरात बाथरूम एकच.

मी 45,000 रुपयांची मर्यादा ठरवली आणि काम एप्रिलवर टाकलं. नियोजन मात्र जानेवारीतच सुरू केलं. नव्वदीतल्या इमारतींत अशा हजारो बाथरूम असतील, म्हणून आमच्या घरी काय ठरवलं, कुठे अडलो आणि काय जमलं नाही ते सविस्तर लिहिते आहे.

आधी पाहणी

एका दुपारी वही घेऊन मी अर्धा तास बाथरूममध्ये स्टुलावर बसले. घाण नेमकी कशाकशाची दिसते ते एकेक लिहून काढायचं, एवढंच काम. भिंतीला पाच फुटांपर्यंत आठ बाय आठ इंचाच्या पांढऱ्या चकचकीत टाइल्स. त्यातल्या फक्त दोन तडकलेल्या, त्याही गीझरच्या पट्टीखालच्या. खालची एक फुटी फरशी शाबूत, उतारही बरोबर जाळीकडे. मग वाईट दिसत होतं ते काय? टाइल्समधले काळे पडलेले जॉइंट, नळांवर चढलेले क्षारांचे थर, खालून कुजलेला दरवाजा, छताचे सुटलेले पोपडे. शिवाय भिंतीवर अकरा खिळे आणि हुक, त्यांवर चार रंगांचे मग, ब्रश, घासण्या. आणि दरवाजावरचा एकुलता पिवळा बल्ब. तो माणसाच्या पाठीमागे येत असल्यामुळे आरशात चेहऱ्यावर सावलीच पडायची.

चार्जिंगवर चालणारा एक पांढरा एलईडी बल्ब आणला आणि आरशाच्या वर धरला. आई दारात उभी होती. "अगंबाई, टाइल्स एवढ्या पांढऱ्या आहेत?" असं ती म्हणाली. टाइल्स थोड्या मळल्या होत्या हे खरं, पण पिवळ्या मुळीच नव्हत्या. पिवळा होता तो दिवा. त्याच उजेडात जॉइंट मात्र आणखी भयंकर दिसले. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की बाथरूमचा कुठलाही रंग किंवा वस्तू निवडण्याआधी दिवा बदलावा. जुन्या उजेडात घेतलेला निर्णय नव्या उजेडात चुकीचा ठरतो.

ॲसिडचा फेरा

जॉइंट इतके का खराब झाले, हे शोधल्याशिवाय नवीन भरून उपयोग नव्हता. सोसायटीत वापरायला बोअरचं पाणी येतं आणि ते जड आहे. पाणी सुकलं की क्षार मागे राहतात, त्यावर साबण बसतो, साबण आणि क्षार मिळून चिकट पापुद्रा तयार होतो. तो काढायला आई दर शनिवारी बाजारातलं ॲसिड ओतून घासायची. ॲसिडने पापुद्रा जातो, पण त्याबरोबर सिमेंटही विरघळतं. जॉइंट पांढऱ्या सिमेंटचे होते. दर शनिवारी ते थोडे थोडे खाल्ले जात होते, खरखरीत होत होते आणि खरखरीत जागी पुढच्या आठवड्यात आणखी मळ बसत होता. म्हणून आणखी ॲसिड. वर्षानुवर्षं हेच चाललेलं. नळांचं क्रोम त्यातच गेलं आणि आईच्या बोटांची कातडीसुद्धा.

तिला दोष देण्याचा प्रश्नच नाही. स्वच्छतेसाठी तिने जे केलं ते आपल्याकडे घरोघरी करतात. पण एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती जिवाची आहे: ॲसिड आणि ब्लीच कधीही एका वेळी, एका जागी वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि चार बाय साडेसहाच्या बंद खोलीत तो पळायलाही वेळ देत नाही.

आता आमच्याकडे लिंबूसत्व वापरतात. लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे, टाइल्सवर दहा मिनिटं, मऊ घासणी आणि मग भरपूर पाणी. सिमेंटच्या जॉइंटवर तेही जास्त वेळ ठेवायचं नाही.

खाली ओल आहे का?

सगळा बेत एका प्रश्नावर उभा होता. जुन्या अनेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब फूटभर खाली सोडलेला असतो. त्यावर वॉटरप्रूफिंग, विटांच्या तुकड्यांचा कोबा, त्यातून जाणारे पाइप आणि सगळ्यात वर फरशी. फरशी फोडली की छिन्नीचे हादरे या सगळ्याला बसतात, आणि वॉटरप्रूफिंग पुन्हा करायचं झालं तर तिथेच निम्मं बजेट संपतं. ते शाबूत असेल तर त्याला हात न लावणं हीच सगळ्यात मोठी बचत. पण ते आधीच गळत असेल, तर वरून केलेली रंगरंगोटी ही फसवणूक ठरते. शिवाय सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास, सिंक वगैरेंमुळे होणाऱ्या घरातल्या गळतीचा खर्च त्या सदस्यानेच करायचा असतो. खालच्या घरात पाणी उतरलं असतं तर आमचे 45,000 पाण्यात आणि वर दुरुस्तीचा खर्च.

फेब्रुवारीत आईबाबा मावशीकडे साताऱ्याला दोन दिवस गेले तेव्हा आम्ही पाणी साठवून पाहिलं. जाळी काढून ट्रॅपच्या (खालच्या सांडपाण्याच्या वळणदार पाइपच्या) तोंडात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं फडकं घट्ट बसवलं, उंबऱ्याच्या थोडं खालपर्यंत पाणी भरलं आणि पातळीवर पेन्सिलने रेघ मारली. त्याआधी खालच्या काकूंकडे जाऊन त्यांच्या छताचे फोटो काढून ठेवले. 48 तासांनी पाणी दीडएक मिलिमीटर उतरलं होतं, एवढं तर हवेनेही सुकतं. काकूंचं छत कोरडं. त्यांनी स्वतः स्टुलावर चढून हात फिरवून सांगितलं. त्या दिवशी मला खरं हायसं वाटलं, कारण उत्तर उलट आलं असतं तर आईला "सजावट नको, आधी मोठी दुरुस्ती" असं सांगावं लागलं असतं.

सोडून दिलेले दोन पर्याय

टाइलवर टाइल बसवायचा सल्ला तिघांनी दिला. पॉलिमर असलेलं चांगलं चिकटण वापरलं तर ते टिकतंही. पण चिकटण आणि टाइल मिळून जमीन साधारण 12 मिलिमीटर वर येते. आमच्या बाथरूमची जमीन बाहेरच्या पॅसेजपेक्षा जेमतेम एक इंच खाली आहे. ती अर्ध्या इंचावर आली की बादली उलटल्यावर पाणी थेट बेडरूमच्या दिशेने. दरवाजा खालून कापायचा, जाळी वर घ्यायची, भिंतीतल्या प्रत्येक नळाला जास्तीचं निपल (जोडणीचा आखूड पाइप) लावायचं, हेही आलंच. आमच्यासाठी बाद.

टाइल्सवर रंग देण्याचाही विचार केला. भिंतीच्या वरच्या, कोरड्या भागात तो रंग बरा राहतो. पण आमच्याकडे बादलीने आंघोळ होते. भिंतीला बादली, मग, स्टूल रोज घासतात आणि जड पाण्याचे डाग रोज पुसावे लागतात. पहिल्या वर्षातच ओरखडे दिसले असते. तोही बाद.

राहिलं ते असं: टाइल्स तशाच ठेवायच्या, जॉइंट नवे करायचे, आणि नळ, दरवाजा, दिवे, छत, वस्तू बदलायच्या.

सहा दिवस

बाथरूम एकच असली की खरं वेळापत्रक कामाचं नसतं, आंघोळीचं असतं. समोरच्या काकूंनी सहा दिवस त्यांची बाथरूम देऊ केली आणि त्यावरच सगळं बसवलं. क्रम ठरवताना एक गोष्ट सापडली. नव्या जॉइंटसाठी आम्ही पांढऱ्या सिमेंटऐवजी इपॉक्सी, म्हणजे राळेचं घट्ट होणारं मिश्रण, घेणार होतो आणि ते भरायला जॉइंट पूर्ण कोरडे लागतात. म्हणून जॉइंट पहिल्या दिवशी उघडायचे, आणि ते एप्रिलच्या उन्हाळ्यात सुकत असताना नळांचं आणि छताचं काम उरकायचं. पावसाळ्यात हे जमलं नसतं.

उघडायचे म्हणजे कापायचे. त्या काळात टाइल्स एकमेकींना जवळजवळ चिकटवून बसवत, मध्ये जेमतेम मिलिमीटरची फट आणि त्यात पांढरं सिमेंट. इपॉक्सीला दोनएक मिलिमीटर तरी रुंदी लागते. गवंड्याने छोट्या ग्राइंडरला पातळ डायमंड ब्लेड लावून एक जॉइंट कापून दाखवला. काप सरळ आला, पण टाइलच्या कडेचा एक चकचकीत टवका उडाला. सगळ्या भिंतींवर असे टवके मला नको होते. म्हणून तिथेच ठरवलं की फक्त फरशी आणि भिंतीच्या खालच्या तीन ओळी, म्हणजे दोन फूट, एवढंच इपॉक्सी. पाणी आणि मळ सगळ्यात जास्त तिथेच असतो. वरचे जॉइंट लिंबूसत्वाने साफ करून बारीक ग्राउट (फटी भरायचं साधं मिश्रण) चोळायचं. एकूण माप निघालं 165 फूट, दर 35 रुपये फूट, म्हणजे 5,775 रुपये.

दुसऱ्या दिवशी नळ. आतले पाइप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, 1997 पासूनचे. प्लंबरदादांनी गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद केला, नळाला पाइप पाना लावला आणि जोर देण्याआधी माझ्याकडे पाहून म्हणाले, "ताई, हा एक तर निघेल नाही तर तुटेल." गरम पाण्याचा निघाला. थंड पाण्याचा तुटला. नळ त्यांच्या हातात आला आणि निपलचा गंजलेला तुकडा भिंतीतल्या एल्बोमध्ये, म्हणजे पाइपच्या कोपऱ्याच्या जोडात, राहिला. टाइलमध्ये बोटभर गोल भोक आणि आत तपकिरी कडं, एवढंच दिसत होतं.

ते कडं निघालं नाही तर दोन टाइल्स आणि एल्बो फोडणं अटळ होतं. दादांनी ग्राइंडर बाजूला ठेवला. हॅकसॉचं नुसतं पातं घेतलं, त्याच्या एका टोकाला फडकं गुंडाळलं आणि दुसरं टोक भोकात घालून निपलच्या आतल्या बाजूने हळूहळू कापायला लागले. आठ-दहा फेऱ्या झाल्या की थांबायचे, मोबाइलचा उजेड मारून बघायचे. "एल्बोच्या आट्यांना लागता कामा नये," एवढंच मधूनमधून बोलायचे. एका बाजूला एक चीर, मग त्याच्या शेजारी दुसरी. पाऊण तास गेला. मग बारीक छिन्नीने दोन चिरांमधला तुकडा आतल्या आत दुमडला आणि उरलेलं कडं नाकाड्या पकडीने फिरवून बाहेर काढलं. एल्बोच्या आट्या शाबूत. त्यांनी त्या ब्रशने साफ केल्या, नव्या पितळी निपलला सुतळी गुंडाळून सफेदा लावला आणि बसवलं. आई तोवर तीनदा चहा विचारून गेली होती. कुणालाच घोट घ्यायचं सुचलं नव्हतं.

जुन्या जीआय पाइपवर नळ बदलणार असाल तर हे होऊ शकतं असं धरूनच चला. सकाळी काम सुरू करा, प्लंबर घाईचा नको आणि जुन्या टाइल्स घरात आहेत का ते आधी पाहा. बाबांनी 1997 मध्ये उरलेल्या सात टाइल्स माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या होत्या. नळासाठी त्यांची गरज पडली नाही, पण गीझरखालच्या दोन तडकलेल्या बदलता आल्या.

वीजवाल्याचं काम दिसायला कमी, पण मी त्यात तडजोड केली नाही. बाथरूमच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन लगेच तोडणारा स्विच, बसवला. ओल्या अंगाने गीझरखाली उभं राहणाऱ्या माणसासाठी तो हवाच. आरशाच्या वर पाणी न शिरणारा एलईडी लावला, ना पिवळा ना निळसर, 4000 केल्विनचा. खिडकीच्या वरच्या दोन लुव्हर काढून सहा इंची एक्झॉस्ट बसवला. पंखा हवा बाहेर फेकणार असेल तर आत यायलाही वाट हवी, म्हणून नव्या पीव्हीसी दरवाजाखाली मुद्दाम बोटभर फट सोडली. चौकट मात्र बदलली नाही. ती काढली असती तर कडेच्या टाइल्स गेल्या असत्या. खालचा कुजलेला भाग खरवडून इपॉक्सी पुट्टीने भरून घेतला.

छताचे पोपडे काढून, काळी बुरशी ब्लीचच्या पाण्याने मारून, धुऊन, सुकवून मग सिमेंटची पुट्टी आणि बाहेरच्या भिंतींचा ॲक्रिलिक रंग दिला. आईला शुभ्र पांढरा हवा होता. पुठ्ठ्यावर दोन नमुने रंगवून टाइल्सशेजारी धरले. शुभ्र पांढऱ्याशेजारी जुन्या टाइल्स खरोखरच पिवळट वाटायला लागल्या. ताकाच्या रंगाशेजारी त्याच टाइल्स स्वच्छ दिसल्या. ताकाचा रंग घेतला, भिंतीला आणि छताला एकच, म्हणजे मध्ये रेघ येत नाही आणि खोली उंच वाटते.

चौथ्या दिवशी इपॉक्सी, आणि इथे आमची चूक झाली. राळ, हार्डनर आणि भुकटी असे तीन भाग असतात. मिसळल्यावर अर्धा-पाऊण तास हाताळता येतं, उन्हाळ्यात त्याहून कमी. थोडं थोडं कालवायचं असं आधी ठरलं होतं, पण गवंड्याने घाईत सगळं पाकीट एकदम कालवलं आणि मी बघत असूनही बोलले नाही. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत मिश्रण घट्ट झालं. टाइल्सवरचा थर ओल्या स्पंजने वेळेत पुसला गेला नाही. बराचसा नंतर घासून निघाला, पण जाळीजवळच्या दोन फरश्यांवर धुरकट डाग अजून आहे. उजेड तिरका पडला की दिसतो.

पाट कुठे मांडायचा

सामान लावण्याआधी आईने एक अट घातली होती. नरकचतुर्दशीला पाट मांडून घंगाळातल्या पाण्याने आंघोळ झाली पाहिजे. आजीचं पितळी घंगाळ आहे, वर्षातून एकदाच माळ्यावरून उतरतं. म्हणून जमिनीवर काहीही ठेवायच्या आधी पाट आणि घंगाळ खाली आणलं. आई पाटावर बसली, हात पुढे करून नळ गाठून पाहिला, मागे भिंतीला पाठ लागते का पाहिलं. पाटासाठी दोन बाय अडीच फूट मोकळी जागा लागत होती. तेवढा चौकोन खडूने आखला आणि त्यात काहीही ठेवायचं नाही असं ठरलं. बादलीची जागा, कोपऱ्यातल्या दोन फळ्या, टॉवेलची दांडी, सगळं त्या चौकोनाच्या बाहेर बसवलं.

पाटावरून उठताना आईने नळाला धरलं, ते मी पाहिलं. 68 वर्षांच्या माणसाचा सगळा भार एका जुन्या निपलवर. यादीत नसलेली आधाराची दांडी त्याच संध्याकाळी आणली: 304 स्टीलची, दीड फुटी, जमिनीपासून 34 इंचांवर. बसवण्याआधी टाइल्स नाण्याने वाजवून पाहिल्या. पोकळ आवाज आला ती जागा सोडली. नळांच्या सरळ वरची जागाही सोडली, कारण पाइप तिथूनच जातात. ड्रिल करताना टाइलवर चिकटपट्टी लावली, हॅमर बंद ठेवला, टाइल पार झाल्यावरच विटेसाठी चालू केला. अँकर विटेत खोल बसवले आणि भोकांत सिलिकॉन भरलं, म्हणजे पाणी आत जात नाही. मग बाबांनी दोन्ही हातांनी लटकून पाहिलं.

अकरा खिळ्यांपैकी दोनच हुक राहिले. बादली, मग, साबणाची डबी, स्टूल सगळं एका राखी रंगाचं घेतलं. यावर 1,325 रुपये गेले, त्यात नवी जाळीही आली. खोलीतला गोंधळ कमी करण्यात एवढ्या कमी पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

एकूण खर्च 44,000. त्यात सगळ्यात मोठा आकडा नळ, शॉवर आणि अँगल कॉकचा, 9,400. त्यावर प्लंबरची मजुरी 3,200, आणि ती मला सगळ्यात योग्य वाटली. वीज, दिवे आणि पंखा 8,150, दरवाजा 5,600, रंग 4,500. दांड्या आणि फळ्या 3,150, आरशाचं कपाट 2,900. बेसिन तेच ठेवलं. लिंबूसत्वाने ते इतकं निघालं की बदलायचं कारणच उरलं नाही.

पावसाळ्यानंतर

ऑक्टोबरमध्ये पुन्हा वही घेऊन बसले. इपॉक्सीचे जॉइंट जसेच्या तसे. वरचे साधे जॉइंट खिडकीजवळ किंचित राखाडी झाले आहेत. छताच्या एका कोपऱ्यात काळे ठिपके आले होते, कारण बाबा विजेची बचत म्हणून आंघोळ झाली की लगेच पंखा बंद करत. आता पंधरा मिनिटं चालू ठेवतात. बदललेल्या दोन टाइल्स शेजारच्यांपेक्षा पांढऱ्या दिसतात. भिंतीतले जीआय पाइप अजून तेच आहेत आणि कधीतरी ते बदलावे लागणारच, तेव्हा ही भिंत फुटेल. बाबांनी पाइप कुठून कसे जातात त्याचं मोजमापासह चित्र काढून आरशाच्या कपाटाच्या आत चिकटवलं आहे.

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घंगाळ उतरवलं. आई उटणं लावून पाटावर बसली, आणि उठताना तिचा हात आपोआप दांडीकडे गेला. भाऊबीजेला घर भरलेलं असताना माझा मामेभाऊ हात धुवायला उठला. आई स्वयंपाकघरात पुऱ्या तळत होती. तिने मान वर करून फक्त एवढंच सांगितलं, "दिव्याचं बटण डावीकडे आहे रे."